राजाबाई टॉवरखालचं वाचनदालन: रोज बसणाऱ्या विद्यार्थिनीचा अभिप्राय

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि नोकरीत असताना राहून गेलेली गोष्ट केली, पीएच.डी.ला नाव घातलं. विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी क्रमिक पुस्तकं. त्यामुळे एकसष्टाव्या वर्षी माझ्या पर्समध्ये पुन्हा विद्यार्थ्याचं ओळखपत्र आलं आणि फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात, राजाबाई टॉवरला लागून असलेल्या त्या लांबलचक दालनात, मला हक्कानं बसायला मिळू लागलं.

या इमारतीविषयी जे वाचायला मिळतं, ते बहुतेक तिचे फोटो काढून गेलेल्यांनी लिहिलेलं असतं. मनोरा किती उंच, काचा किती सुंदर, झालं. ग्रंथालय ही मुळात सेवा आहे. ती मोजायची तर तिथे सलग पाच-सहा तास बसायला हवं, पाठ अवघडेपर्यंत. तसं बसून मी हे लिहिते आहे, आणि २०१३ ते २०१५ या काळात तिथे झालेलं दुरुस्तीचं काम विद्यार्थ्याच्या उपयोगी पडलं का, हे मला त्यात मुख्यतः पाहायचं आहे.

मी चर्चगेटला उतरते आणि ओव्हल मैदान मधून कापणाऱ्या पायवाटेनं जाते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे डाव चालू असतात, कुणाचा क्षेत्ररक्षक कुणाचा हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. मागे वळून पाहिलं की १९३०-४० च्या दशकांतल्या गोल सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती, समोर पाहिलं की उच्च न्यायालय, मनोरा आणि विद्यापीठाचं पदवीदान सभागृह. या दोन रांगा मिळून २०१८ च्या जूनमध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याच वर्षी या ग्रंथालयाच्या दुरुस्तीचीही युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. मैदानाच्या मध्यावर आलं की मी दरवेळी थांबते आणि मनोऱ्यावरच्या मूर्ती शोधते. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या अशा २४ मूर्ती मनोऱ्यावर आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या सहायक अभियंत्यानं घडवले आणि मग त्या पोरबंदरच्या दगडात कोरल्या गेल्या. इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईला कधी आलेच नाहीत, लंडनला बसून त्यांनी नकाशे पाठवले. स्कॉटचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मुकुंद रामचंद्रांचं नाव मी तरी आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलं नाही, आणि पाठ्यपुस्तकं पाहणं हाच सध्या माझा उद्योग आहे.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण पुढच्या मुद्द्याला तो लागणार आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं एवढी त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर बाजार झोपला आणि त्यात प्रेमचंदही बुडाले. विद्यापीठाला दिलेलं दान मात्र दिलेलंच राहिलं. १ मार्च १८६९ ला कोनशिला बसली, १८७८ च्या नोव्हेंबरात काम पुरं झालं, खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. मनोरा २८० फूट. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या आईला वेळ कळावी म्हणून मुलानं घड्याळ बांधलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मला दानाच्या क्रमातली गंमत जास्त आवडते. आधी ग्रंथालय, मग घड्याळ.

आता आतलं. दालन पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना माझा डावा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे दगडी कठड्याचं कोरीवकाम मला तरुण मुलांपेक्षा जास्त निरखायला मिळतं. वर पोचलं की पहिल्यांदा जाणवते ती उंची. दोन्हीकडे उतरतं लाकडी छत इतकं वर आहे की डोकं आपोआप मोकळं होतं. उंच छताचा उपयोग काय, असं मला एकदा आमच्या कॉलेजच्या एका विश्वस्तांनी विचारलं होतं. एप्रिलच्या दुपारी इथे येऊन बसलं की त्याचं उत्तर मिळतं. गरम हवा वर जाऊन राहते, खाली वाचणाऱ्याच्या मानेवर बसत नाही.

मी १९८६ साली एम.ए.ला असताना पहिल्यांदा इथे आले होते. तेव्हा खिडक्यांवर शंभर वर्षांची काजळी होती. रंगीत काचा आहेत हे कळायचं, पण त्यांचे रंग काळपट तपकिरी, चहाच्या डागासारखे. दुरुस्तीनंतर मी जेव्हा पुन्हा आत पाऊल टाकलं, तेव्हा निळा रंग पाहून मी दारातच उभी राहिले. हा निळा इथे होता आणि माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत मला तो दिसलाच नव्हता.

या काचांचं काम स्वाती चंदगडकर यांनी केलं. रंगीत काचेची खिडकी दुरुस्त करायची म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. ती एकसंध काच नसते. छोटे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शिसं मऊ. शंभर-सव्वाशे वर्षं ऊन, पाऊस आणि स्वतःचं वजन सोसून ते थकतं आणि खिडकीला पोट सुटतं. मग तावदान उतरवायचं, त्याचा कागदावर छाप घ्यायचा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, साफ करताना काचेवरची रंगवलेली रेघ जाणार नाही हे सांभाळायचं, फुटलेला तुकडा जोडता आला तर जोडायचा, नाहीच तर त्याच रंगाची काच शोधायची आणि पुन्हा सगळं शिशात बांधायचं. जुनं पुस्तक उसवून, पानं लावून, पुन्हा शिवण्यासारखंच हे काम आहे. आमचे बाइंडर हेच करायचे. फरक इतकाच की पान पडलं तर फुटत नाही.

सगळ्या कामाच्या वास्तुविशारद बृंदा सोमाया. काम इंडियन हेरिटेज सोसायटीच्या मुंबई शाखेनं हाती घेतलं आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं त्यासाठी सुमारे ४.२ कोटी रुपये दिले. दगड, लाकूड, काचा, विजेचं जाळं, दिवे अशी सगळी दुरुस्ती त्यात झाली. प्रेमचंदांनंतर दीडशे वर्षांनी या इमारतीला पुन्हा बाहेरून पैसा मिळाला. तो नवं काही उभारण्यावर न जाता असलेलं नीट करण्यावर गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कोनशिलेवर नाव लागतं. खिडकीच्या शिशाच्या पट्टीवर कुणाचंच नाव लागत नाही, म्हणून त्यासाठी पैसे देणारा सापडणं अवघड.

ही दुरुस्ती चांगली का, हे मला जिथे ती वाईट झाली होती तिथे नोकरी केल्यामुळे कळतं.

आमच्या कॉलेजची मूळ इमारतही जुनी होती, काळ्या दगडाची, मोठ्या खिडक्यांची. ग्रंथालयाचा हॉल २२ फूट उंच. २००६ च्या सुमारास विद्यार्थीसंख्या वाढली, वाचनालयात ८० खुर्च्या पुरेनात. व्यवस्थापनानं ठरवलं की हॉलमध्ये लोखंडी गर्डर टाकून पोटमाळा करायचा म्हणजे जागा दुप्पट होईल. नकाशावर ते खरंच दुप्पट दिसत होतं. त्या प्रस्तावावर ग्रंथपाल म्हणून माझीही सही आहे.

झालं असं की पोटमाळ्यानं खिडक्या मधोमध कापल्या. खाली छत ९ फुटांवर आलं आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावावे लागू लागले. वर बसणारी मुलं पत्र्याच्या छपरालगत भाजून निघायची. वरच्याची खुर्ची सरकली की खालच्याच्या डोक्यात खरखर. त्याच वेळी दगडाच्या सांध्यांतला जुना चुना खरवडून सिमेंट भरलं गेलं आणि आतून चकचकीत ऑइलपेंट मारला गेला. दगडी भिंतीत पावसाळ्यात ओल शिरतेच. चुना असला की ती सांध्यांतून सावकाश बाहेर पडते. सिमेंट आणि ऑइलपेंटनं दोन्ही बाजूंनी तिची वाट बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटले, भिंतीवर पांढरा क्षार फुलला आणि भिंतीलगतच्या दोन कपाटांत वाळवी लागली. त्यात कथा-कादंबऱ्या होत्या. त्या रद्द करण्याची यादी मी हातानं लिहिली, कारण संगणकावर एकामागून एक कळ दाबून ती पुस्तकं पुसून टाकणं माझ्याच्यानं होईना.

खुर्च्या दीडशे झाल्या होत्या. मुलं मात्र कँटीनमध्ये आणि जिन्यावर बसून अभ्यास करू लागली.

पुढे एकदा उन्हाळ्याच्या सुटीत मी सगळ्या रॅकची मोजदाद केली. एक तृतीयांश जागा जुन्या अभ्यासक्रमांच्या पुस्तकांच्या पन्नास-पन्नास प्रतींनी, जुन्या गाइडांनी आणि बांधून ठेवलेल्या अहवालांनी खाल्ली होती. कोपऱ्यात मोडक्या बाकांचा ढीग होता. एवढं सगळं मागच्या शेडमध्ये हलवलं असतं, तर आणखी ६० खुर्च्या आरामात बसल्या असत्या. एक गर्डर लागला नसता, एक खिडकी कापली गेली नसती. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. जुन्या इमारतीत विद्यार्थ्यांसाठी जागा वाढवायची, तर आत काय आणायचं याआधी बाहेर काय न्यायचं ते बघावं.

फोर्टच्या ग्रंथालयाकडे मी याच नजरेनं पाहते. मुंबई विद्यापीठाचा पसारा वाढला तेव्हा त्यातला मोठा भाग कालिन्याला विद्यानगरीत गेला. तिथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभं राहिलं, बहुतेक विभाग तिकडे गेले. तेव्हा कुणाकुणाला ते दूर वाटलं असेल. सांताक्रूझला उतरून पुढे बस किंवा रिक्षा, पावसाळ्यात तर हाल. पण त्यामुळेच मनोऱ्याशेजारच्या या दालनावरचा भार हलका झाला. इथे पोटमाळा टाकायची वेळ कुणावर आली नाही. विस्तार झाला तो दहा-पंधरा मैल उत्तरेला, आणि त्यामुळे जुनं दालन आहे तसं उभं राहिलं. दुरुस्तीचं श्रेय ज्यांचं त्यांना आहेच, पण या जुन्या निर्णयाचाही त्यात वाटा आहे असं मला वाटतं.

दुरुस्तीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ती नवी दिसत नाही. दगड धुतला आहे, पण घासून गुळगुळीत केलेला नाही. कुर्ल्याच्या दगडाचा पिवळसर रंग आहे, त्यावर काळाच्या खुणाही आहेत. लाकडाचा रंग लाकडाचाच आहे. आपल्याकडे ‘नूतनीकरण’ म्हटलं की चकाकी हवी असते. मंदिराच्या दगडी खांबाला ऑइलपेंट, वाड्याच्या चौकाला मार्बल, शाळेच्या कौलांखाली पीओपी. देणगीदाराला काहीतरी नवं दिसावं लागतं. इथे पाहुण्याला ‘काय केलं बरं?’ असा प्रश्न पडावा इतकं ते काम मागे राहिलं आहे. दिव्यांचंही तसंच. उजेड पुस्तकावर पडतो, डोळ्यांत येत नाही. ग्रंथालयात हे साधायला किती कटकट असते ते माझ्या धंद्यातल्या माणसांना विचारा.

आणि रंगीत काचांचं. माझी धास्ती अशी होती की स्वच्छ झाल्यावर इतके रंग आत येतील की वाचताना त्रास होईल. तसं होत नाही. ऊन फिरतं तसा रंगाचा एखादा ठिपका भिंतीवरून, मग कुणाच्या तरी वहीवरून सरकत जातो, आणि एवढं सोडलं तर काचा आपल्या जागी असतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या समोर कायद्याच्या पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी बसायची, रत्नागिरीकडची. एका दुपारी ढग बाजूला झाले आणि तिच्या पानावर लाल पट्टा आला. तिनं हायलायटर खाली ठेवला, पट्टा पुढे जाईपर्यंत खिडकीकडे बघत राहिली आणि मग पुन्हा वाचायला लागली. मला म्हणाली, “मावशी, एवढ्या वर्षांपूर्वी हे कुणासाठी केलं असेल हो?” मी म्हटलं, “ग्रंथालयात लावलंय ना? मग तुझ्यासाठीच.” लाटसाहेबाच्या घराला लावायची काच इथे वाचणाऱ्यांच्या खोलीला लावली आहे. १८८० मध्ये ग्रंथालय खुलं झालं तेव्हा या विद्यापीठातून एकही स्त्री पदवीधर झालेली नव्हती. कॉर्नेलिया सोराबजी पहिल्या, १८८८ मध्ये. आज या दालनात मी अनेकदा मोजते, मुली जास्त असतात.

घड्याळाविषयी विचारणारे खूप असतात. होय, आत टोले ऐकू येतात, दर पंधरा मिनिटांनी. पूर्वी त्यावर दिवसातून वेगवेगळ्या इंग्रजी धून वाजायच्या, राणीच्या स्तुतीच्यासुद्धा. आता तसं नाही. पहिल्या दिवशी टोल्यांनी लक्ष उडतं. तिसऱ्या दिवसापासून ते कामाला येतात. मी दोन टोल्यांमध्ये किती पानांचं टिपण होतं ते पाहते, दिवसाअखेर हिशेब लागतो. मोबाइल बंद ठेवायला याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही.

एक हळहळ आहे. मनोऱ्यावर लोकांना जाता येत नाही. वरून उड्या टाकल्या गेल्यामुळे तो पूर्वीच बंद केला आणि ते कारण खरं आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण त्या २४ मूर्ती जवळून पाहता याव्यात, निदान त्यांचे मोठे फोटो आणि मुकुंद रामचंद्रांचं नाव ग्रंथालयात सहज दिसेल असं लागावं, असं मला फार वाटतं. संशोधनासाठी बसलेल्या आम्हा चौघींनी तसा एक अर्ज लिहून ठेवला आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ही पर्यटनाची जागा नाही, ओळखपत्र किंवा परवानगी असल्याशिवाय आत जाता येईल असं धरून चालू नका. जुनी, दुर्मीळ पुस्तकं किंवा हस्तलिखितं पाहायची असतील (फारसी, अरबी, उर्दू हस्तलिखितांचा संग्रह इथे मोठा आहे), तर आधी विचारून, विषय लिहून जा, ऐनवेळी मागणी करू नका. शाईचं पेन पर्समध्येच राहू द्या, शिसपेन्सिल न्या, दोन न्या, कारण शेजारची मागतेच. पुस्तक उघडताना पूर्ण १८० अंशांत पाडू नका, खाली दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी केलेला पंचा ठेवा. मी घरून पंचा नेते. खिडकीजवळची जागा मिळाली तर घ्या, पण छापील मजकूर बारीक असेल तर दिव्याजवळच बसा, रंगीत उजेडात जुना खिळाछाप डोळ्यांना जड जातो. डबा खायला बाहेर या, हात धुऊन, कोरडे करून मगच परत पानाला हात लावा.

आणि कुणी कॉलेजचे प्राचार्य किंवा विश्वस्त हे वाचत असतील आणि त्यांच्या टेबलावर पोटमाळ्याचा नकाशा पडलेला असेल, तर सही करण्याआधी एक दिवस परवानगी काढून इथे येऊन बसा. दुपारी बारा ते पाच. सोबत आर्किटेक्टला आणा आणि तुमच्या ग्रंथपालालाही आणा. नंतर ओव्हल ओलांडून चर्चगेटला जाताना त्या ग्रंथपालाला विचारा की तुमच्याकडे हलवण्यासारखं काय काय आहे. यादी तिच्याकडे तयार असते.